डिजिटल यूएसबी मायक्रोस्कोप चार महिने वापरून: माशाच्या अंड्यातले ठोके मोजता येतात का?

ऑक्टोबरात ऑनलाइन मागवला, १,७९९ रुपये पडले, पेटीवर मोठ्या अक्षरात १००० एक्स, म्हणजे हजार पट मोठं दिसेल असं लिहिलंय, आठ एलईडीची गोल रिंग, लोखंडी छोटा स्टँड आणि लॅपटॉपला जोडायची केबल. कंपनीचं नाव देत नाही कारण हाच माल दहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटो बघितलात की लगेच ओळखू येईल. बहुतेक रिव्ह्यूमध्ये लोकांनी नोटेचे धागे, मोबाईलची स्क्रीन नाहीतर केसातला कोंडा बघितलाय आणि पाच स्टार देऊन मोकळे झालेत. मी वेगळ्या कामाला घेतला होता म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बारावी आणि बीएस्सीच्या मुलांचे बायोलॉजीचे क्लास घेते. एका बॅचला बारा मुलं. यूजीसीनं कॉलेजातलं विच्छेदन बंद करायला सांगितल्याला दहा वर्षं होऊन गेली आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे, पण त्यामुळे झालंय काय की आताच्या पोरांनी जिवंत हृदय हलताना कधी बघितलेलंच नसतं, आकृती काढून चार कप्पे रंगवून मार्क घेतात आणि पुढं जातात. मला त्यांना हृदय धडधडताना दाखवायचं होतं, कुठलाही जीव न कापता, आणि नुसतं दाखवून थांबायचं नव्हतं तर कॅफिन घातल्यावर ठोक्यांचं काय होतं हे त्यांनी स्वतः मोजावं अशी इच्छा होती. कारण बॅचमधली निम्मी पोरं परीक्षेच्या आधी एनर्जी ड्रिंकचे कॅन घेऊन येतात आणि हे चांगलं का वाईट असं मला विचारत बसतात.

आधी कोंबडीच्या अंड्यांचा विचार केला होता. दुकानातली पोल्ट्रीची अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात, गावठी अंडी आणावी लागतात, ती कागलजवळच्या एका ओळखीच्या घरातून आणली. ३७.५ डिग्रीला ठेवली तर दुसऱ्या दिवसातच हृदय धडधडायला लागतं आणि चौथ्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मधोमध हलणारा तो लाल ठिपका ॲरिस्टॉटलनं साधारण तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. दिसायला फार सुंदर, पण ठोके मोजायचे तर कवचाला खिडकी पाडावी लागते, तिथं जंतू शिरतात, पिल्लू मरतं. आठ अंड्यांवर मी थांबले, मुलांसमोर ते करायला मन घेईना. या मायक्रोस्कोपनं कवचाच्या आतलं काहीही दिसत नाही, तेव्हा त्यासाठी घेत असाल तर घेऊ नका.

मग झेब्रा मासा. मत्स्यालयाच्या दुकानात झेब्रा नाहीतर झेब्रा डॅनियो म्हणून मागा, कुठंही मिळतो. आपल्याच देशातला मासा, गंगेच्या खोऱ्यातला, फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि पुढं अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगरनं त्याला प्रयोगशाळेत आणला, आता जगभरातल्या लॅबमध्ये तो असतो. कारण साधं आहे, अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं अंडं, आत बाळ. २८.५ डिग्रीला ठेवलं तर साधारण २४ तासांत हृदय हलायला लागतं, ४८ तासांत मस्त दोन कप्प्यांचं, आधी वरचा मग खालचा असं आकुंचन पावणारं हृदय आणि शेपटीतून पळणारे रक्ताचे कण सुद्धा दिसतात.

अंडी मिळवायची पद्धत सांगते, कारण दुकानदार म्हणाला होता की घरी जमणार नाही, आणि जमतं. टाकीच्या तळाला गोट्या पसरायच्या, मुलं खेळतात त्या काचेच्या, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. संध्याकाळी नर मादी एकत्र सोडायचे, रात्री पूर्ण अंधार, सकाळी उजेड पडला की तास-दोन तासांत अंडी पडतात. गोट्या बाजूला करून पाणी चहाच्या गाळणीतून ओतायचं, झालं. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात, ती ड्रॉपरनं काढून टाकायची नाहीतर बुरशी सगळीकडं पसरते. शुक्रवारी रात्री मासे सोडले की शनिवारी सकाळी अंडी, रविवारच्या बॅचला पहिले ठोके आणि सोमवारच्या बॅचला मोजणी, असं टाइमटेबल बसवलं.

आता मायक्रोस्कोपचं. पहिल्या रविवारी लॅपटॉप टीव्हीला जोडला, अंडं फोकसमध्ये आणलं आणि बाराच्या बारा पोरांनी एकदम श्वास रोखला हे मी स्वतः बघितलंय. त्या एका क्षणासाठी १,७९९ रुपये वसूल झाले असं मी म्हणेन. एका डोळ्यानं बघायच्या मायक्रोस्कोपवर हे होत नाही, तिथं रांग लागते आणि मागचा म्हणतो मॅडम मला काहीच दिसत नाही.

पण १००० एक्स वगैरे काही नाही. हा आकडा स्क्रीनवर चित्र ताणून काढलेला आहे, लेन्स तेवढी ताकदीची नाही, चित्र मोठं होतं पण नवीन काही दिसत नाही. कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपवर चारची लेन्स आणि दहाचा आयपीस लावला म्हणजे ४० पट होतं, त्यात रक्ताचे कण याच्यापेक्षा स्वच्छ दिसतात. हृदय, डोळा, शेपूट, बलक एवढं हा दाखवतो आणि ठोके मोजायला तेवढं पुरतं.

दुसरी अडचण उजेडाची. रिंगचा उजेड वरून पडतो, पारदर्शक वस्तूवर वरून उजेड टाकला की नुसती चमक दिसते, आतलं काही दिसत नाही. उजेड खालून हवा. मी काचेचा चौकोनी डबा पाण्यानं भरला, खाली मोबाईलचा टॉर्च, मध्ये बटर पेपर, आणि डब्याच्या झाकणावर वॉच ग्लासमध्ये (काचेची छोटी उथळ वाटी) अंडी. रिंग पूर्ण बंद. हा एक बदल केला आणि चित्र एकदम बदललं, आधी पांढऱ्या ढगासारखं दिसणारं हृदय कडेसकट दिसायला लागलं. कंपनीनं खालून उजेडाची साधी चकती दिली असती तर शंभर रुपये जास्त दिले असते आनंदानं.

तिसरी गोष्ट फ्रेम. पेटीवर सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ३० चित्रं लिहिलंय, उजेड कमी झाला की निम्म्यावर येतात, व्हिडिओ अडखळतो. मिनिटाला १४० ठोके म्हणजे सेकंदाला दोनापेक्षा थोडे जास्त, त्यामुळे १५ फ्रेमवर पण मोजता येतात, पण ठोका अनियमित पडायला लागला की फसवणूक होते, मधला एक ठोका खरंच चुकला की कॅमेऱ्यानं गाळला ते कळत नाही. म्हणून आम्ही व्हिडिओ काढून अर्ध्या वेगानं चालवतो, १५ सेकंदाचे ठोके दोघांनी वेगवेगळे मोजायचे, जुळले तर चारनं गुणायचं, नाही जुळले तर परत. हे सॉफ्टवेअर मात्र चांगलं आहे, विंडोजवर लगेच चाललं, व्हिडिओवर वेळ पण येते. मोबाईलला जोडलं की दर पाच मिनिटांनी बंद पडतं.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते सांगते. डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा कॅफिन घातलं. शुद्ध कॅफिनची पावडर कॉलेजच्या पत्रावर केमिकलच्या दुकानातून घेतली, बंद बाटलीतच १ ग्रॅम गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून आणली, एक लिटर पाण्यात विरघळवली, तिथून पुढं पातळ करत गेलो. (ही पावडर घरात उघडी ठेवू नका, एक चमचा म्हणजे साधारण २८ कप कॉफीएवढं कॅफिन होतं, जीवावर बेतू शकतं, माझ्याकडं कुलुपात असते.) द्रावण करून फ्रिजमध्ये ठेवलं. सोमवारी बॅच आली, साध्या पाण्यातल्या भ्रूणांचे ठोके मोजले, १५ सेकंदात ३५, म्हणजे मिनिटाला १४०. मग कॅफिनचं पाणी घातलं आणि पाच मिनिटांनी मोजले तर २४. मिनिटाला ९६. पोरं एकदम खूश, वहीत लिहिलं सुद्धा, कॅफिनमुळे ठोके कमी होतात. मी पण खूश. आता खोटं कशाला सांगू, रात्री झोपेपर्यंत मनात तेच चालू होतं, केवढा स्पष्ट फरक आला म्हणून.

पुढच्या सोमवारी एका मुलीनं द्रावणाची बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "मॅडम, हे बर्फासारखं गार आहे की." मी तिथंच थांबले. मग फ्रिजमधलं साधं पाणी, कॅफिनचा कण पण नसलेलं, दुसऱ्या वाटीत घातलं. ठोके २५. म्हणजे आठवडाभर आम्ही कॅफिन म्हणून जे मोजत होतो ते थंडी होती.

माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं तेवढंच ते भ्रूण. हृदयाचा वेग ठरवणाऱ्या पेशींमधली सगळी रसायनं तापमानावर चालतात, सहा-सात डिग्री खाली आलं की ठोके तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात. आणि कॅफिननं होणारा फरक त्यापुढं एवढासा असतो. डिसेंबरातली कोल्हापूरची सकाळ, खोलीत २०-२१ डिग्री, वॉच ग्लासमध्ये चमचाभर पाणी, ते पाच मिनिटांत गार होणारच. उलट रिंगचे दिवे चालू ठेवून मायक्रोस्कोप जवळ आणला तर तेच पाणी दहा मिनिटांत दोन डिग्री वर गेलं, तेव्हा ठोके वाढलेले दिसले. त्या पेटीवर कुठंही लिहिलेलं नाही की दिवे तापतात म्हणून, आणि नाणी बघणाऱ्याला फरक पडत नाही, पण जिवंत काही बघणाऱ्याला सगळा फरक तिथंच पडतो.

मग पद्धत बदलली. काचेच्या डब्यातलं पाणी टाकीचा हीटर लावून २९ डिग्रीवर, वॉच ग्लासमध्ये बारीक थर्मामीटर, सगळी द्रावणं तासभर आधीच त्याच डब्यातल्या पाण्यात तरंगत ठेवायची, आणि प्रत्येक डोसबरोबर एक वाटी साध्या पाण्याची, तिच्यावर पण तेवढंच ढवळणं, तेवढाच वेळ. वाट्यांवर नुसते नंबर, कुठल्या वाटीत काय ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही, नाहीतर पोरांना हवे तेवढे ठोके दिसायला लागतात.

डोस तीन घेतले. लिटरला १० मिलीग्रॅम, १०० आणि ३००. तीनशे का, तर आपल्याकडं एनर्जी ड्रिंकमध्ये कायद्यानं लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलीग्रॅम कॅफिन चालतं म्हणून, मुलांना कॅनशी नातं लागावं. १० ला आम्हाला काहीच फरक मोजता आला नाही. १०० ला काही भ्रूणांचे ठोके किंचित वाढले, काहींचे नाही, सरासरी काढली तर ठाम काही सांगता येईना, आणि मी मुलांना तसंच लिहायला लावलं. ३०० ला मात्र पाऊण तासानं ठोके मंदावले आणि ताल बिघडला, दोन पटपट पडून एक थांबायचा, हे व्हिडिओवर परत परत बघून खात्री केली. साध्या कोमट पाण्यात परत ठेवल्यावर बऱ्याच भ्रूणांचा ताल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुधारला.

उत्तेजक घातलं तर हृदय मंद का होतं हा प्रश्न पोरांनी विचारला आणि मला तो फार आवडला. शरीरात ॲडेनोसिन नावाचा पदार्थ असतो, तो हृदयाच्या पेशीवर ठराविक जागी बसला की वेग कमी करतो. कॅफिन काय करतं, एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं त्या जागेवर रुमाल टाकतं, स्वतः काही काम करत नाही पण ॲडेनोसिनला बसू देत नाही. थोड्या डोसला एवढंच. डोस वाढत गेला की ते पेशीतल्या आणखी एका एन्झाइमला अडवतं, आणि फारच वाढला तर पेशीच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम बाहेर पाडतं, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका हा कॅल्शियमच्या येण्याजाण्यावरच चालतो, तिथं गोंधळ झाला की ताल जातो. म्हणजे एकच औषध तीन डोसला तीन वेगळी कामं करतं. शिवाय ४८ तासांच्या भ्रूणात हृदय धडधडतं ते आपलं आपण, मज्जातंतूंचा ताबा अजून नीट बसलेला नसतो, त्यामुळे मोठ्या माणसाला कॉफीनं जे होतं तेच इथं व्हायला पाहिजे असं काही नाही. भ्रूण किती तासांचं, डोस किती, किती वेळ ठेवलं, यावर उत्तर बदलतं.

हे सगळं घरात चालू असताना आमच्या जाऊबाई पाचव्या महिन्यात. एक दिवस टीव्हीवर तो चुकत चुकत पडणारा ठोका बघून त्या हातातला चहाचा कप खाली ठेवून गप्प बसल्या. मला फार वाईट वाटलं, कारण मी दाखवलेल्या गोष्टीनं त्या घाबरल्या होत्या. मग शेजारी बसून हिशोब सांगितला, तो इथं पण सांगते. एक कप कॉफी पिल्यावर मोठ्या माणसाच्या रक्तात लिटरला साधारण एक-दोन मिलीग्रॅम कॅफिन येतं. आमचं भ्रूण ३०० मध्ये बुडवलेलं होतं. दीडशे ते तीनशे पट. हा माशाचा प्रयोग जाऊबाईंच्या बाळाबद्दल काहीही सांगत नाही. पण एवढं खरं आहे की कॅफिन वारेतून बाळापर्यंत जातं, बाळाला ते मोडता येत नाही, आणि शेवटच्या महिन्यांत आईच्या शरीरातून पण ते एरवीपेक्षा कितीतरी हळू बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना दिवसाला २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या गरोदर बाया ३०० च्या वर घेतात त्यांना कमी करा म्हणते. एक कप चहात साधारण ३० ते ५० असतं. त्यांचे दिवसाला दोन कप, ते चालू राहिले, डॉक्टरांनाही विचारून घेतलं. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर तर गरोदर बाईला चालत नाही असं छापलेलंच असतं. आणि हेच कॅफिन, अगदी मोजून, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास थांबू नये म्हणून दवाखान्यात औषध म्हणून देतात, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

तर मायक्रोस्कोपला मी पाचपैकी साडेतीन देते. क्लास घेणाऱ्यानं, शाळेनं, ज्यांना एकाच वेळी दहा-बारा जणांना दाखवायचंय त्यांनी घ्यावा. तुमच्याकडं साधा कॉलेजचा मायक्रोस्कोप असेल तर घेऊ नका, त्याच्या आयपीसवर मोबाईल धरा, चित्र याच्यापेक्षा चांगलं येतं. आणि भ्रूणाचे ठोके मोजायला घेत असाल तर पैशाची वाटणी अशी करा की आधी चांगला थर्मामीटर आणि टाकीचा हीटर, मग उरलेल्यात मायक्रोस्कोप. पाच-सहाशेचा हीटर नसता तर माझा हा सगळा खटाटोप खोट्या आकड्यांच्या वहीत संपला असता.

स्टँड फार हलतो, शेजारून कोणी चाललं तरी चित्र थरथरतं, मी खाली फरशीचा तुकडा चिकटवलाय. फोकसचं चाक तिसऱ्या महिन्यात सैल झालं. केबल पहिलीच खराब आली होती, विकणाऱ्यानं आठ दिवसांत दुसरी पाठवली, भांडावं लागलं नाही.

एक विनंती, अंडी किंवा पिल्लं उरली तर रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत सोडू नका, आणि कॅफिनचं पाणी टाकीत ओतू नका. आमच्याकडची वाचलेली पिल्लं वेगळ्या टाकीत वाढवलीयत, सतरा आहेत, आता त्यांच्या अंगावर निळे पट्टे नीट दिसायला लागलेत.

मागवणार असाल तर माल आला की परतीची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी बघून घ्या. दिवे पूर्ण बंद होतात का, कारण काही पीसमध्ये चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी मंद चालूच राहतात. व्हिडिओ पाच मिनिटं सलग निघतो का. आणि दहा मिनिटं चालू ठेवून पुढच्या टोकाला बोट लावून बघा किती तापतंय ते.